कामकऱ्यांचा राजवाडा

शार्ल फूरिये या फ्रेंच विचारवंताविषयीं एक हकीकत नेहमीं सांगितली जाते. मानवसमाज सुखी करण्याची आपली योजना अंमलांत आणण्यास लागणारें द्रव्य घेऊन कोणी तरी धनिक येईल, या आशेनें तो रोज भर दुपारीं बाराच्या ठोक्याला आपल्या घरीं वाट पाहत बसे. वर्षांमागून वर्षें गेलीं; धनिक आला नाहीं. १८३७ सालीं फूरिये मरण पावला. त्याच्या मागें जो मनुष्य आला तो धनिकाच्या कुळांतला नव्हता. उत्तर फ्रान्समधील एका खेड्यांत कुलुपें घडविणाऱ्या लोहाराचा तो मुलगा, आणि फूरिये दुपारच्या ठोक्याकडे कान लावून बसला होता त्या दिवसांत तो ऐरणीशीं उभा राहून हातोडा चालवीत होता.

फूरियेची योजना विचित्र खरी, पण तिचा पाया स्पष्ट होता. माणसाच्या वासना दाबून समाज सुधारत नाहीं. त्या वासनांना योग्य वाटा करून दिल्या पाहिजेत, आणि या वाटा म्हणजे अक्षरशः वाटाच : सज्जे, जिने, आच्छादित मार्ग, भोजनगृहें, कामाच्या जागा. सुमारें सोळाशें वीस माणसांचा एक संघ व त्या संघाला राहण्यास एकच विशाल प्रासाद. त्याला त्यानें ‘फालांस्तेर’ असें नांव दिलें. मध्यभागीं शांततेचीं दालनें, एका बाजूस हातोड्यांचा आवाज व मुलांचा गलबला, आणि सर्वांना जोडणारा झांकलेला मार्ग, म्हणजे ऐन हिवाळ्यांत पावसाचा थेंब अंगावर न घेतां माणूस घरांतून कामावर व कामावरून करमणुकीला जाईल. याच ग्रंथकारानें समुद्राचें पाणी पुढें लिंबाच्या सरबतासारखें होईल असेंही भविष्य वर्तविलें होतें, तेव्हां शहाण्या लोकांनीं त्याला हंसण्यावारी नेलें यांत नवल नाहीं. तथापि घराची रचना बदलली म्हणजे घरांतील माणसांचे परस्परसंबंध बदलतात, हा त्याचा विचार हंसण्यावारी नेण्यासारखा खास नव्हता.

स्कॉटलंडांत रॉबर्ट ओवेन यानें हाच विचार दुसऱ्या टोंकानें गांठला होता. १८०० सालीं न्यू लॅनार्कच्या सुताच्या गिरण्यांचा कारभार त्याच्या हातीं आला आणि १८१६ त तेथें त्यानें माणसाचें शील घडविण्यासाठीं म्हणून एक स्वतंत्र इमारत उघडली. तिच्यांत गिरणीकामगारांच्या मुलांना छडीऐवजीं नाच, गाणीं व चित्रें यांच्या साह्यानें शिकवीत. न्यू लॅनार्क भरभराटलें. पण पुढें १८२५ त अमेरिकेंतील न्यू हार्मनी येथें नवें जग वसविण्यास ओवेन गेला, तेव्हां दोनतीन वर्षांतच तें जग विस्कटलें. जुन्या गिरणीगांवांत जें साधलें तें दूरच्या मोकळ्या मुलुखांत साधलें नाहीं. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे, कारण त्या लोहाराच्या मुलाच्या आयुष्यांतही ती पुन्हां घडली.

त्याचें नांव झां बातिस्त आंद्रे गोदँ. १८१७ सालीं एस्केएरी या खेड्यांत तो जन्मला, अकराव्या वर्षीं त्याची शाळा सुटली आणि तो बापाच्या भट्टीवर राबूं लागला. ऐन तारुण्यांत, कारागिरांच्या तत्कालीन रिवाजाप्रमाणें, तो काम करीत करीत देशभर हिंडला. या फिरतींत त्याला दोन गोष्टी उमगल्या. मजुराची मजुरी त्याच्या कामाच्या मोलावरून ठरत नाहीं, दाराशीं किती उपाशी माणसें उभीं आहेत यावरून ठरते. आणि असा मजूर रात्रीं ज्या खोलींत पाठ टेकतो, तिच्यांत गुराला बांधण्यासही शहाणा शेतकरी कचरेल. १८४० त लग्न करून गांवीं परतल्यावर त्यानें लहानसा कारखाना काढला. घरें ऊबदार ठेवण्याच्या शेगड्या त्या वेळीं लोखंडी पत्र्याच्या करीत. गोदँनें त्या ओतीव लोखंडाच्या केल्या व त्या युक्तीचें पेटंट घेतलें. ओतीव लोखंड ऊब धरून ठेवतें, सांच्यांतून हवा तो आकार व हवी ती नक्षी घेतें. शेगडी खपूं लागली. १८४६ सालीं सुमारें तीस कामगार घेऊन तो ग्वीझ या जवळच्या गांवीं आला आणि दहा वर्षांच्या आंतच तो मोठा कारखानदार म्हणून गणला जाऊं लागला.

मध्यंतरीं, १८४२ च्या सुमारास, एका वर्तमानपत्रांत फूरियेच्या मतांचा सारांश त्याच्या वाचनांत आला. श्रीमंत झालेला कामकरी बहुधा आपला पूर्वीचा वेष विसरतो. गोदँ विसरला नाहीं एवढेंच नव्हे, तर फूरियेचा पट्टशिष्य व्हिक्तोर कॉन्सिदेरां यानें टेक्सासमध्यें डॅलसनजीक वसाहत स्थापण्याचा घाट घातला, तेव्हां गोदँनें आपल्या संपत्तीचा तिसरा हिस्सा, सुमारें एक लाख फ्रँक, तींत घातला. वसाहतवाले १८५५ त तेथें पोंचले. त्यांत तत्त्वज्ञ, गायक, घड्याळजी पुष्कळ. नांगर धरणारे थोडे. थोड्याच वर्षांत सर्व पांगले व गोदँचा पैसा बुडाला. या घावानंतर त्यानें जो निश्चय केला त्यांत त्याच्या स्वभावाचें सारें सार आहे. दुसऱ्यावर विसंबावयाचें नाहीं, समुद्र ओलांडावयाचा नाहीं. आपला कारखाना, आपले कामगार आणि आपल्या दाराशींच असलेल्या ओआझ नदीचें वळण : जें करावयाचें तें येथेंच.

१८५९ त पाया खणला गेला. आराखडे बहुतेक त्यानें स्वतःच आंखले. या वास्तूला त्यानें ‘फामिलिस्तेर’ असें नांव दिलें. फूरियेच्या शब्दांतील पहिला भाग काढून तेथें ‘कुटुंब’ हा शब्द बसविला. ही केवळ शब्दाची हौस नव्हती. फूरियेला विवाहसंस्थाही शिथिल करावयाची होती. गोदँनें तो विषय बाजूस ठेवला, वेतन कायम ठेवलें, प्रत्येक कुटुंबाला त्याची वेगळी चूल ठेवली, आणि जें विटा, लोखंड व कांच यांनीं साधेल तेवढेंच प्रथम साधावयाचें ठरविलें. डावीकडील इमारत प्रथम उभी राहिली. मधली १८६५ च्या सुमारास पुरी झाली. उजवीकडील १८७७ ते १८७९ या वर्षांत. मधल्या बारा वर्षांच्या खंडाचें एक कारण अगदीं घरगुती होतें. पत्नीशीं त्याची फारकत झाली आणि मालमत्तेच्या वांटणीचा दावा वर्षानुवर्षें न्यायालयांत लोळत पडला. सर्वांच्या कुटुंबांसाठीं राजवाडा बांधणाऱ्याचें स्वतःचें कुटुंब असें मोडावें, हा दैवाचा खेळ म्हटला पाहिजे.

मुंबईच्या चाळींत राहिलेल्या श्रोत्याला या इमारतीची कल्पना येण्यास फार प्रयास पडूं नयेत. मध्यें मोठा चौक; चौकाच्या चारी बाजूंनीं तळमजला व वर तीन मजले; प्रत्येक मजल्यावर चौकाकडे तोंड करून सलग सज्जा, आणि सज्जावर उघडणारीं बिऱ्हाडांचीं दारें. फरक एवढाच कीं या सबंध चौकावर कांचेचें छप्पर आहे. पाऊस, हिम, वारा यांचा उपद्रव नाहीं आणि उजेड भरपूर. पण हा ‘एवढाच’ फरक म्हणणें बरोबर नाहीं. चाळ बांधणारा खोल्या मोजतो. गोदँनें हवा मोजली. प्रत्येक बिऱ्हाडाला बाहेर बागेकडे व आंत चौकाकडे अशा दोन्ही अंगांना खिडक्या दिल्या, म्हणजे हवा आरपार खेळेल. वरच्या मजल्यांना उजेड अधिक मिळतो म्हणून खालच्या मजल्यांच्या खिडक्या मोठ्या केल्या, कां कीं तळमजल्यावर राहणाऱ्याच्या वाट्याला सूर्यही कमी येतां कामा नये. तळघरांतून थंड हवा चौकांत यावी म्हणून जमिनींत जाळ्या बसविल्या. प्रत्येक मजल्यावर पाण्याचा नळ, कोपऱ्यांत शौचकूप, केर टाकण्यास भिंतींतून थेट खालीं जाणारी नळी. रात्रभर चौकांत गॅसचे दिवे जळत. ज्या काळीं पॅरिसच्या कित्येक घरांत पाणी खांद्यावरून चढत असे, त्या काळच्या या गोष्टी आहेत.

कपडे बिऱ्हाडांत धुऊन वाळत घातल्यानें खोल्या दमट होतात व माणसें आजारी पडतात, म्हणून १८७० त नदीकांठीं निराळें धोबीघर बांधलें. कारखान्यांत तापलेलें पाणी तेथें आणलें. त्याच इमारतींत पोहण्याचा हौद आहे, आणि त्या हौदाचा लांकडी तळ वरखालीं करतां येई. मोठ्यांसाठीं तो खालीं सोडावा, मुलांसाठीं वर उचलावा. हा हलता तळ पाहिला म्हणजे एखाद्या लोहारानें समाजसुधारणेचा विचार केला तर तो कसा करील हें कळतें. पुस्तकांतून आलेला सुधारक मुलांच्या आरोग्यावर व्याख्यान देता; याला बुडणारें मूल दिसलें व त्यानें तळ वर केला.

१८७१ त गोदँनें ‘सामाजिक उत्तरें’ या अर्थाच्या नांवाचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या विचारांत एक शब्दप्रयोग पुनःपुन्हां येतो : ‘संपत्तीचे समतुल्य’. श्रीमंताला काय मिळतें? त्याच्या घरीं पाणी नोकर आणतो, मुलांना दाई असते, शिक्षक घरीं येतो, फिरावयास बाग असते, संध्याकाळीं नाटकाला खुर्ची असते. हें सर्व प्रत्येक मजुराला वेगवेगळें देणें कोणत्याही राज्यास शक्य नाहीं. पण दोनतीनशें कुटुंबें एका छपराखालीं आलीं, तर नोकराऐवजीं नळ, दाईऐवजीं बालगृह, शिक्षकाऐवजीं शाळा आणि खासगी बागेऐवजीं सर्वांचें उद्यान देतां येतें. त्यानें तें दिलें. बालगृह १८६६ त उघडलें. मुख्य इमारतीच्या समोर शाळा व त्यांच्या मधोमध नाट्यगृह, १८७० च्या सुमारास. किराणा, कापड, मांस, सर्पण हें सर्व संस्थेच्या दुकानांतून मिळे आणि दुकानाचा नफा संस्थेंतच राही. प्रार्थनामंदिर मात्र बांधलें नाहीं. ज्याला जावयाचें त्यानें गांवांत जावें.

त्या काळीं सुधारकांचें दुसरें एक मत होतें, आणि राज्यकर्त्यांना तें अधिक मानवे. मुलूझ येथें १८५३ पासून गिरणीमालकांनीं मजुरांसाठीं बागेसह लहान लहान घरें बांधून तीं हप्त्यांनीं त्यांच्या मालकीचीं करून देण्यास आरंभ केला होता. स्वतःचें घर झालें कीं मजूर दारू सोडतो व दंगा करीत नाहीं, हा त्यांतला हिशेब. गोदँला तो हिशेब पटला नाहीं. लहान घरांत गरिबी फक्त एकेकटी होते, असें त्याचें म्हणणें. त्या घराची चूल, धुणें व मुलें यांत बायको जन्मभर जखडली जाते आणि हप्त्यांनीं नवरा मालकाला बांधला जातो.

पण सर्वांनीं एका चौकांत राहावयाचें म्हणजे सर्वांनीं एकमेकांच्या डोळ्यांसमोर राहावयाचें. या बाबतींत पॅरिसचें एक उदाहरण ताजें होतें. तिसऱ्या नेपोलियनच्या आश्रयानें मजुरांसाठीं कांचेच्या छपराची अशीच एक इमारत तेथें बांधण्यांत आली होती. पण तिचे दरवाजे रात्रीं दहाला बंद होत आणि नियमांची यादी इतकी लांब कीं मजुरांनीं तिला बराकीचेंच नांव दिलें. गोदँनें दरवाजाला पहारेकरी ठेवला नाहीं, नियम थोडके केले. मात्र कोणी दंगा केला, घाण केली, तर त्याला दंड होई व तो जाहीर फलकावर लावला जाई. लोकांच्या नजरेची शिक्षा पोलिसाच्या दंडुक्याहून बरी, अशी त्याची समजूत. ती एका अर्थीं खरी ठरली. फौजदारी खटल्यांची गरज तेथें क्वचितच पडली. दुसऱ्या अर्थीं विचार केला तर, ज्याला चुकूनही एकटें रडतां येत नाहीं अशा माणसाच्या सदाचरणाची किंमत किती, हा प्रश्न उरतोच. चाळींत वाढलेल्यांना याचीं दोन्ही उत्तरें ठाऊक आहेत. आजारपणांत शेजारी धांवून येतात. आणि आलेलें पत्र फोडण्याआधीं कोणाचें आलें हेंही त्यांना ठाऊक असतें. गोदँ स्वतः त्याच इमारतींत बिऱ्हाड करून राहत असे, ही गोष्ट मात्र त्याच्या बाजूनें नोंदली पाहिजे. स्वतः बंगल्यांत राहून दुसऱ्यांना चौकाचे फायदे सांगणाऱ्यांतला तो नव्हता.

या वास्तूचें खरें यश शोधावयाचें तर तें मुलांत शोधावें. पाळण्यांतल्या मुलापासून पुढें वयाप्रमाणें वर्ग, मुलगे व मुली एका बांकावर, फी नाहीं, चौदाव्या वर्षापर्यंत शाळा सक्तीची. फ्रान्सच्या सरकारनें मोफत, सक्तीच्या व धर्मनिरपेक्ष शिक्षणाचे कायदे १८८१ व १८८२ त केले. लोहाराच्या या मुलानें, ज्याची शाळा अकराव्या वर्षीं सुटली होती, ते आपल्या चौकापुरते त्याआधींच अंमलांत आणले होते. या कामाची सूत्रें मारी मोरे या त्याच्या नात्यांतील विदुषीकडे होतीं. पुढें १८८६ त तिच्याशींच त्यानें विवाह केला. १८६३ पासून बालकांचा उत्सव आणि १८६७ पासून श्रमाचा उत्सव मधल्या चौकांत भरूं लागला. चारी मजल्यांचे सज्जे माणसांनीं भरत आणि खालीं बक्षिसें वांटलीं जात. ज्या सज्जांवरून एरवीं शेजाऱ्याची टेहळणी होई, तेच सज्जे त्या दिवशीं नाट्यगृहाच्या माड्या होत.

प्रौढांना घडविणें अधिक अवघड ठरलें. कामगारांनीं एकमेकांचे गुण मतदानानें ठरवावेत व त्याप्रमाणें बक्षिसें घ्यावींत, कारखान्याच्या निरनिराळ्या अंगांवर आपापलीं मंडळें नेमावींत, असे प्रयोग गोदँनें केले; त्यांना त्याच्या मनाजोगें यश आलें नाहीं. इतकीं वर्षें ज्यांना हुकूम ऐकावयाची संवय, त्यांना मत द्या म्हटल्यावर तें मत धन्याला काय आवडेल हें पाहून दिलें जातें, किंवा मित्राला दिलें जातें. भिंती उभारावयास दोन वर्षें लागतात. या कामाला तेवढीं पुरत नाहींत.

शेवटीं १८८० सालीं त्यानें भांडवल व श्रम यांचा संघ कायदेशीर रीतीनें स्थापिला, आणि येथें त्याची बुद्धि पुन्हां तेज दिसते. नफ्याची वांटणी करतांना श्रमाचा वाटा वर्षाच्या एकूण वेतनावरून व भांडवलाचा वाटा त्याच्या व्याजावरून मोजावयाचा. समजा, वेतन वीस लक्ष व व्याज दोन लक्ष असेल, तर त्या नफ्यांत श्रमाला दहा वाटे व भांडवलाला एक. शिवाय श्रमाचा वाटा रोख द्यावयाचा नाहीं. कामगाराच्या नांवें हिस्से लिहावयाचे व त्या पैशांतून गोदँचे हिस्से हळूहळू फेडावयाचे. संप नाहीं, जप्ती नाहीं, रक्ताचा थेंब नाहीं. १८८८ च्या जानेवारींत गोदँ मरण पावला आणि १८९४ पर्यंत कारखाना, वाडा, शाळा, नाट्यगृह हें सर्व कामगारांच्या मालकीचें झालें.

पण कोणत्या कामगारांच्या? या प्रश्नांत या सबंध प्रयोगाचें मर्म आहे. संघाच्या घटनेंत पायऱ्या होत्या. सर्वांत वरच्या पायरीच्या सभासदानें पांच वर्षें संघांत काम केलेलें असावें, पांचशें फ्रँकांचा हिस्सा त्याच्याजवळ असावा, त्याला लिहितांवाचतां यावें, सभेनें त्याला पसंत करावें आणि तो पांच वर्षें फामिलिस्तेरमध्येंच राहणारा असावा. इतर अटी कोणालाही कष्टानें पुऱ्या करतां येत. शेवटची अट मात्र विटांवर अवलंबून होती. पुढें कॅम्ब्राय रस्त्यावर आणखी एक इमारत बांधली तरी बिऱ्हाडें मोजकींच राहिलीं आणि कारखाना वाढत गेला. बिऱ्हाड रिकामें झालें कीं तें सभासदाच्या मुलाला, जांवयाला, पुतण्याला मिळावें ही ओढ मनुष्यस्वभावाला धरूनच होती. गांवांत राहून त्याच भट्टीशीं तितकाच घाम गाळणारा ‘साहाय्यक’ कामगार विम्याच्या मदतीला पात्र होता, नफ्याला नाहीं. समतेसाठीं बांधलेल्या भिंतींनीं आंतले व बाहेरचे अशा दोन जाती निर्माण केल्या. भिंतीचा हा गुण गोदँच्या गणितांत आला नव्हता. हवा किती लागते हें त्यानें मोजलें. आंत येऊं इच्छिणारीं माणसें किती असतील हें मोजलें नाहीं.

फ्रिडरिक एंगेल्स यानें घरांच्या प्रश्नावर १८७२ त लिहितांना हा प्रयोग नफ्यासाठीं नसून समाजवादाचा प्रयोग म्हणून केलेला आहे, असें मान्य केलें होतें. १८८७ च्या आवृत्तींत मात्र त्यानें एक टीप जोडली, तिचा मतितार्थ असा कीं तेंही अखेर कामगारांच्या पिळवणुकीचेंच ठिकाण झालें. हा निवाडा कडक आहे. ज्या आईला मूल बालगृहांत ठेवून स्वच्छ पाण्यानें धुणें धुतां येई, तिला तो ऐकविला असता तर तिनें तो मानला असता असें वाटत नाहीं. गांवांतून रोज चालत येणाऱ्या साहाय्यक कामगारानें मात्र मान डोलावली असती.

१९१४ सालच्या लढाईंत डावीकडील इमारत जळाली. युद्धानंतर ती पुन्हां बांधली. संघ चालत राहिला. दोन महायुद्धें, मंदी, घरें तापविण्याचीं नवीं साधनें या सर्वांतून तो सुमारें अठ्ठ्याऐंशीं वर्षें टिकला. स्वप्नाळू म्हणून हिणविलेल्या इतर वसाहतींपैकीं फारच थोड्यांना हें साधलें. १९६८ त, जेव्हां सारा फ्रान्स नव्या जगाच्या घोषणांनीं दुमदुमत होता, त्याच वर्षीं ग्वीझच्या सभासदांनीं आपला संघ विसर्जित केला. कारखाना पुढें दुसऱ्या कंपनीकडे गेला. बिऱ्हाडें एकेक करून विकण्यांत आलीं. ज्या एकेकट्या मालकीला गोदँनें जन्मभर विरोध केला, ती अशी त्याच्याच सज्जांवर येऊन उभी राहिली.

१९९१ सालीं ही वास्तु संरक्षित स्मारक ठरली आणि २००० सालापासून तिची डागडुजी होऊन तेथें वस्तुसंग्रहालय झालें. मधल्या चौकाच्या कांचेखालीं आतां प्रवासी उभे राहतात, पोहण्याच्या हौदाचा लांकडी तळ पाहतात, गोदँचें बिऱ्हाड पाहतात. कांहीं बिऱ्हाडांतून कुटुंबें अद्याप राहतात. समोरच्या त्या जुन्या शाळांत गांवचीं मुलें आजही शिकतात, आणि त्यांच्यांत आंतलीं कोणतीं व बाहेरचीं कोणतीं हें आतां कोणी विचारीत नाहीं.